अर्ध्यात तुटलेला ढावलो

धनीबाई मेली तेव्हा तिची मुलगी रडली नाही. किन्हीराजाजवळच्या त्या तांड्यात मरणाची चर्चा तेराव्यापर्यंत चालली. मुलगी रडली नाही ही चर्चा त्यानंतरही चालू राहिली.

मुलीचं नाव केसली. शाळेत घालताना गुरुजींनी ते केशर करून टाकलं आणि वाशीमच्या वसतिगृहात तिला सगळे केशरच म्हणत. तांड्यातून मॅट्रिकच्या वर्गापर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. सुट्टीत घरी आली की ती घागरा आणि आरसे लावलेली कांचळी घालायची, परत जाताना शाळेची निळी साडी नेसून एसटीत बसायची. एवढी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

बंजाऱ्यांच्या बायका रडतात त्या गाऊन. लग्न होऊन निघालेली नवरी रडते, वर्षाने भेटलेल्या मायलेकी रडतात, मयताच्या घरी आलेली सोयरी रडते. एकीने दुसरीच्या गळ्यात हात टाकायचा, हेल काढायचा, मनातलं त्या हेलात घालायचं आणि थांबायचं. मग दुसरीने उचलायचं. याला ढावलो म्हणतात. पोरी तो आईजवळ बसून ऐकतात, आणि लग्न ठरलं की आई आणि मावशा तो त्यांच्याकडून घोटून घेतात. एकटीने ढावलो होत नाही. एकीने काढलेला ढावलो दुसरीने उचलला नाही तर तो जिने काढला तिच्याच अंगावर परत जातो, असं म्हाताऱ्या सांगत. पोरींनी आळस करू नये म्हणून सांगत असतील. केसलीने ते लहानपणी ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं.

पौषात तांड्यावरून निरोप आला आणि ती घरी पोचली तेव्हा आई अंगणात ठेवलेली होती. धनीबाईची थोरली बहीण रुपाबाई पुढे आली, तिने केसलीच्या गळ्यात हात टाकला, हेल काढला आणि थांबली. केसलीने तोंड उघडलं. काही आलं नाही. रुपाबाईने पुन्हा हेल काढला. जमलेल्या बायका वाट पाहत राहिल्या. तिसऱ्या वेळेस रुपाबाईने हात काढून घेतला.

"शाळेनं खाल्लं हिचं रडनं," ती बाजूच्या बाईला म्हणाली. हळूच म्हणाली, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं.

खरं काय ते केसलीलाच माहीत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत त्या वर्षी मॅट्रिकच्या मुलींचे जादा तास ठेवले होते, म्हणून ती घरी गेली नव्हती. वैशाखातल्या आखाजीनंतर मायलेकींची भेट नव्हती. तेव्हा धनीबाईच वाशीमला आली. कोपरापर्यंत पांढऱ्या बलोयांचा चुडा, डोक्यावरून ओढणी, हातात पोटली. वसतिगृहाच्या फाटकात केसली आली तशी तिने पोटली खाली ठेवली, लेकीच्या गळ्यात पडली आणि ढावलो काढला. ढावलो दबक्या आवाजात काढायचा नसतोच. नळावर कपडे धुणाऱ्या मुली ओल्या हातांनी धावत आल्या. चौकीदार काठी घेऊन आला. गच्चीवरून भागिरथा ओरडली, "कोन मेलं वो, केशर?"

कुणीतरी हसलं. मग बऱ्याच जणी हसल्या. आईच्या कांचळीचे आरसे केसलीच्या गालाला टोचत होते. आई थांबली होती. आता केसलीची पाळी होती. तिने गळ्यातला आईचा हात सोडवला आणि मराठीत म्हणाली, "आई, इथं असं रडत नाहीत."

तोवर ती आईला कधी आई म्हणाली नव्हती. याडी म्हणत होती.

धनीबाईला मराठी चांगलं समजायचं. तिने मुलींकडे पाहिलं, ओढणी पुढे ओढली आणि "बरं बाई," म्हणून थोडीशी हसली. पायरीवर बसून शेळीला झालेल्या करडांच्या गोष्टी सांगितल्या. कुणाचं लग्न ठरलं ते सांगितलं. संध्याकाळच्या एसटीने ती गेली. पोटलीत ज्वारीच्या बाट्या आणि लसणाची चटणी होती. मुलींनी खाऊन वाहवा केली, भागिरथाने सगळ्यात जास्त. केसलीने न्हाणीत जाऊन गालावरचे आरशांचे वळ पाण्याने चोळले.

त्यानंतर आईची भेट झाली ती थेट अंगणातली.

तेरावं झालं आणि केसली वसतिगृहात परतली. पहिले काही दिवस कुणाच्या काही लक्षात आलं नाही. वर्गात ती उत्तरं देत होती, कविता म्हणत होती, वाढायची पाळी आली की वाढत होती. माघाच्या सुरुवातीला तिचा बाप देवला बाजाराला आला तेव्हा फाटकाशी थांबून तिच्याशी आपल्या बोलीत बोलला. तिने मराठीत उत्तर दिलं. तो पुन्हा गोरमाटीत बोलला, ती पुन्हा मराठीत.

"बापासंगं बी मास्तरनीवानी बोलतं काय वो?" शेवटी तोच वऱ्हाडीत म्हणाला. त्याला वाटलं पोरगी मजा करते आहे.

मजा नव्हती. शब्द डोक्यात यायचा, घशाशी यायचा आणि तिथे काहीतरी आवळलं जायचं. मराठी शब्दाला असं काही होत नव्हतं. बापाने आणलेल्या बाट्यांतली अर्धी तिने खाल्ली आणि ती ओकली. मग वसतिगृहाची भाकर जाईना. माघी पौर्णिमेच्या सुमारास सकाळच्या प्रार्थनेत ती उभ्या उभ्या कोसळली.

वसतिगृहाच्या अधीक्षिका बेबीताई तिला हाताला धरून डॉक्टर जगदेव सरकट्यांकडे घेऊन निघाल्या. बेबीताईंचं बोलणं मोकळं होतं.

"पोरी उपाशी रायतात दोन गोष्टीपायी," रस्त्यात त्या म्हणाल्या. "देवापायी नाई तं पोरापायी. तुह्यं कोनतं हाये?"

"कोणतंच नाही, ताई."

"पाह्य. मंग जगदेवले नवीन काई शोधा लागन."

जगदेव सरकटे इंझोरीचा. बौद्ध शेतमजुराचा मुलगा, नागपुरात डॉक्टर झालेला. तिथे मनोरुग्णांच्या दवाखान्यात त्याने नोकरी केली, मग वाशीमला येऊन बाजाराजवळ दोन खोल्यांचा दवाखाना टाकला. ताप-खरजेचे रोगी पुढच्या दाराने येत. झोप न येणारे, अंगात येणारे, न बोलणारे मागच्या दाराने येत, कारण गावात त्याला येड्यांचा डॉक्टर म्हणत. बेबीताईंनी केसलीला पुढच्या दाराने नेलं.

पहिल्या दिवशी त्याने नाडी पाहिली, डोळे पाहिले, शक्तीचं औषध लिहून दिलं. मग शुद्ध मराठीत विचारलं, "मनाला काही दुःख आहे का?"

"आई वारली. तापाने."

"रडलीस का?"

"नाही."

"आजारी माणसाच्या मृत्यूला घरच्या कोणाचाही दोष नसतो. हे ध्यानात ठेव."

"हो."

तिने ते परीक्षेतल्या वाक्यासारखं ध्यानात ठेवलं. औषध नियमाने घेतलं. वजन आणखी उतरलं.

पुढच्या वेळेस त्याने टेबलावरचं सगळं बाजूला केलं. "तुमच्या तांड्यावर आईला काय म्हणतात?" त्याने विचारलं.

साधा प्रश्न होता. तिने ओठ उघडले. बोटं गार पडली, मानेच्या शिरा ताठल्या, डोळ्यांत पाणी आलं ते धाप लागल्यामुळे. त्याने लगेच हात वर केला. "राहू दे. सांगू नको." पाणी दिलं, आणि ती निघताना बेबीताईंना म्हणाला, "हिच्या बापाले बलावून घ्या, ताई. आपल्याकून हे उघडत नाई."

केसलीने मान वर करून पाहिलं. डॉक्टरकडेही दोन भाषा होत्या तर.

बाजाराच्या दिवशी देवला आला. खुर्ची असून जमिनीवर बसायला लागला तेव्हा जगदेवने त्याचा दंड धरला. "वरते बसा, देवलाभाऊ. माह्या बापाले बी अशीच सवय होती. मी रोज भांडो त्याच्यासंगं."

देवला खुर्चीच्या काठावर बसला. पोरीचं काय बिनसलं असं विचारल्यावर तो म्हणाला, "तिनं मायचा ढावलो नाई उचलला, साहेब. तवापासून असं हाये."

"ढावलो म्हंजे?"

"रडनं. पन म्हनाचं रडनं." देवलाने हाताने काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला, मग हात मांडीवर ठेवला. "ते बायाचं हाये. मले नाई येत. आमाले निस्तं आयकू येते."

त्याने जमेल तसं समजावलं. देवला थांबला तेव्हा केसली खिडकीकडे पाहत बोलायला लागली. मराठीतच बोलली. फाटक, आईचा हात, हसणाऱ्या मुली, आपण म्हटलेलं वाक्य, सगळं सांगितलं. ढावलो परत अंगावर जातो, म्हणून आई गेली, हेही सांगितलं. बातमी वाचून दाखवावी तसा आवाज होता.

देवलाने पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"मले नाई सांगितलं तिनं हे," तो म्हणाला. "घरी आली तं म्हने, पोरगी अशी रडली, अशी रडली, सारं वाशीम पाह्याले आलं. आठ दिवस तांड्यात सांगत फिरली."

केसलीने खिडकीवरची नजर काढली नाही. हे तिला माहीत नव्हतं.

जगदेवने या वेळेस दोषाचं काही काढलं नाही. तो आपल्या आजीचं बोलला. दीक्षा घेतल्यावर बापाने घरातले देव काढले, तेव्हा तो शाळेत जाणारा पोरगा होता. "बरोबरच केलं बापानं. त्यापायीच तं मी इथं बसलो. पन म्हातारीचा हात सकाई उठली का कोनाड्यात जाये. रिकाम्या कोनाड्यात. मंग चोरी केल्यावानी हात मांगं घे. आमी पोरं हासो. तिले कोनी इचारलं नाई, बाई, हाताचं काय करतं तू." तो देवलाकडे वळला. "देवलाभाऊ, हे अर्धं राह्यलेलं आता कोन पुरं करू शकते?"

"मायच्या जागी तिची बहीन. रुपाबाई. पन ते रागात हाये."

"माह्या नावानं बोलवा. दवाखान्यात येऊ द्या. दार लावून घेऊ, कोनी आयकनार नाई."

रुपाबाईचं उत्तर पुढच्या बाजाराला देवलानेच आणलं. ते त्याने जसंच्या तसं सांगितलं, कारण शब्द बदलायची त्याची हिंमत नव्हती.

"म्हने, रडाले दवाखान्यात कायले येऊ, मले का सुई टोचून घ्याची हाये? दार लावून रडाले आमी का चोऱ्या केल्या? जिथं तोडला तिथंच उचला लागन. त्याच फाटकात. हासल्या त्याच पोरीयसमोर. तयार असन तं येतो, नाई तं नाई."

जगदेवने केसलीला विचारलं, "जमेल?"

"नाही," ती म्हणाली.

त्याने समजूत घातली नाही. "ठीक आहे. औषध चालू ठेव," एवढंच म्हणाला, आणि बापलेकीला दारापर्यंत सोडायला आला.

परीक्षा जवळ आली होती. केसली पुस्तक घेऊन बसायची आणि पान तेच राहायचं. फाटकात आईला गप्प केलं ते मुली हसू नयेत म्हणून. आता त्याच मुलींपुढे तेच रडणं करायचं. हसतील तर हसोत, असं मनाशी म्हणून पाहिलं, आणि पुस्तक मिटून ठेवलं. नाही केलं तर? बापाशी जन्मभर मराठीत बोलायचं. तांड्यात कुणाचं लग्न निघालं की बायका तिच्या गळ्यापर्यंत हात आणतील आणि मागे घेतील.

नळावर भागिरथा कपडे आपटत होती. ती जगदेवच्याच गावची, इंझोरीची. तोंडाने फटकळ. केसली तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "माझी मावशी येणार आहे. फाटकात रडणार आहे. मी पण."

भागिरथाने धोपटणं थांबवलं. "माय आली होती तसं?"

"हो."

"मीच वरडली होती न तवा. कोन मेलं म्हून."

"हो."

भागिरथाने साडीचा पिळा सोडला आणि उगाच पुन्हा पिळला. "आता नाई हासत मी. कोनी हासलं तं पाह्यतोच तिले." थोड्या वेळाने तिने विचारलं, "पन मले रडू आलं तं चालते का? का तुमच्यातलंच लागते?"

केसलीला आई गेल्यापासून पहिल्यांदा हसू आलं.

बेबीताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "संस्थेच्या सेक्रेटरीनं इचारलं तं सांगीन, पाहुनी आली होती, भेटून गेली. त्यात खोटं काय हाये?"

देवलाकरवी निरोप गेला आणि रविवारी रुपाबाई आली. पूर्ण पेहराव करून आली होती. घागरा, आरशांची कांचळी, हातभर चुडा, केसांतून कानाशी लोंबणारा टोपली नावाचा चांदीचा दागिना. देवला रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली थांबला. जगदेव सायकल घेऊन त्याच्याजवळ उभा होता. मुली ओसरीवर जमल्या होत्या. सांगून जमवलेल्या नव्हत्या, पण आत कुणीही राहिली नव्हती.

रुपाबाईने कुणाकडे पाहिलं नाही. पोटली खाली ठेवली, फाटकात उभ्या असलेल्या केसलीच्या गळ्यात हात टाकला आणि ढावलो काढला. आपल्या तोंडाने नाही, धनीबाईच्या तोंडाने काढला: आखाजीपासून तुला पाहिलं नाही, बेटी. रोज रस्त्याकडे पाहते. तुझ्यासाठी बाट्या आणल्या आहेत.

हेल संपला. ती थांबली.

टांगा गेला. ओसरीवर कुणी खाकरलं नाही. केसलीच्या घशात ती ओळखीची गाठ आवळली गेली. आरसे गालाला टोचत होते, त्याच गालाला. रुपाबाईने दुसऱ्यांदा हेल काढला, अंगणात काढला होता तितक्याच संथपणे, आणि पुन्हा थांबली. तिचा हात ढिला पडत नव्हता.

तिसऱ्या हेलानंतर केसलीच्या तोंडून आलं, "याडी."

सूर नव्हता त्याला. फाटलेला, घोगरा आवाज होता. रुपाबाईने तिला जवळ ओढलं. केसलीने पुन्हा म्हटलं, "याडी ये," आणि या वेळेस त्याला थोडा हेल आला. पण पुढे काय म्हणायचं? ती दहाव्या वर्षीच वसतिगृहात आली होती. ढावल्यातलं बोलणं आई लग्नाच्या आधी शिकवणार होती. पुढचे शब्द तिच्याकडे नव्हतेच.

रुपाबाईच्या ते ध्यानात आलं. तिने कानाशी तोंड नेऊन एक ओळ सांगितली. केसलीने ती म्हटली. तिने दुसरी सांगितली. केसलीने तीही म्हटली, पाढे म्हणावेत तशी मागोमाग. रस्त्यापलीकडे देवलाने पागोट्याचं टोक तोंडाशी धरलं.

एका ओळीनंतर रुपाबाई दम घ्यायला थांबली तेव्हा केसलीने पुढचं सांगितलं जाण्याची वाट पाहिली नाही. त्याच हेलात ती म्हणाली, "आई, बाट्या पोरींनी खाल्ल्या गं, मी नाही खाल्ल्या. मला लाज वाटली गं, आई."

हे मराठीत आलं होतं. ढावल्यात मराठी कुणी कधी ऐकलं नव्हतं. रुपाबाईचा हात क्षणभर थबकला. केसलीला वाटलं, आता ती सोडणार. पण रुपाबाईने ते उचललं. तीच ओळ आपल्या बोलीत फिरवून तिने आईच्या तोंडची केली: राहू दे बेटी, पोरींनी खाल्ल्या तर खाऊ दे. मग मात्र केसलीला ओळी सांगाव्या लागल्या नाहीत. शब्द नव्हतेच, नुसतं रडणं होतं. ओसरीवर भागिरथा पदर तोंडात धरून उभी होती.

संपलं तेव्हा रुपाबाईने ओढणीने आधी केसलीचा चेहरा पुसला, मग स्वतःचा. दोघी पायरीवर बसल्या. रुपाबाईने पोटली सोडून बाटी तिच्या हातावर ठेवली आणि ती खाते का ते पाहत राहिली. केसलीने खाल्ली. गिळताना घसा दुखला, पण बाटी पोटात राहिली.

"हेल चुकते तुह्या," रुपाबाई म्हणाली. "धनी असती तं हासली असती तुले."

देवला रस्ता ओलांडून आला. केसलीने त्याला त्यांच्या बोलीत विचारलं, "बा, जेवलास का?" तो हो म्हणाला. सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं.

एसटीची वेळ झाली होती. केसली स्टँडपर्यंत गेली. रुपाबाई खिडकीजवळ बसली, चुडा सावरला. गाडी सुरू झाली तेव्हा केसलीने खालून विचारलं, "मासी, कुठं चुकतो माझा हेल?"

"असा खिडकीतून का सांगता येते?" रुपाबाई म्हणाली. "धनीनं शिकवाचं होतं ते. होळीले ये. बसवून सांगतो."

"येते," केसली म्हणाली.

मॅट्रिकचा पहिला पेपर होळीच्याच आठवड्यात होता, मराठीचा. ते तिने सांगितलं नाही. गाडी मालेगावच्या रस्त्याला लागेपर्यंत ती तिथे उभी राहिली. परतताना तिने पहिला हेल मनातल्या मनात काढून पाहिला. वसतिगृहाच्या फाटकापर्यंत तिने तो कितीदा तरी काढला. दर वेळी तो वेगळाच होत होता, आणि त्यातला आईचा कोणता हे तिला ओळखू येत नव्हतं.